चिमणीवरचे ठिपके

गणपतने छपाईच्या जाळीची फ्रेम उचलली, खालची पिशवी सोडवून घेतली आणि उजेडाकडे धरली. पांढऱ्या कापडावर गिरणीची चिमणी तपकिरी रंगात झकास उठली होती. विटांचे थर नीट, वरचं कडं नीट, कडा धारदार. फक्त चिमणीच्या तोंडाशी बारीक ठिपक्यांचा एक पुंजका होता, तोही वारा लागून एका बाजूला कलल्यासारखा.

"हे काय रे?" राजारामने विचारलं.

"ठिपके. जाळीला भोकं राहिलीत कुठंतरी."

"ठिपके कसले, धूर दिसतोय. बिल्डरसाहेबाने बघितलं तर माझ्याच तोंडावर फेकेल. एवढे पैसे मोजून फ्लॅट घेणार लोक, आणि तू त्यांना धूर दाखवतोस?"

राजाराम पूर्वी त्याच गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होता. वारा येईल तशी पाठ देणारा माणूस. संप झाला, गिरणी बुडाली, जमीन बिल्डरने घेतली. राजाराम बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसला. बिल्डरने बाकी सगळं पाडलं आणि चिमणी तेवढी शोभेला ठेवली. आता तिचंच चित्र टॉवरची खूण म्हणून, उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशव्यांवर छापायचं होतं.

"संध्याकाळी येतो," राजाराम दारात चपला चढवत म्हणाला. "एकदम साफ पाहिजे. हा नमुना पास झाला तर वर्षभराचं काम तुझं. नायतर धारावीवाले लाइन लावून बसलेत."

धारावीचं गणपतला भय नव्हतं. त्याला भय होतं ते खुर्चीचं. मुलाने, शिवाने, त्याच्यासाठी वॉचमनची नोकरी बघून ठेवली होती, त्याच टॉवरच्या गेटावर. ज्या गेटातून तो उभं तारुण्य प्रिंटिंग खात्यात गेला, ज्या गेटासमोर त्याने घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या, तिथेच आता प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गाड्यांना सलाम ठोकायचा. शिवाचं काही चूक नव्हतं. बापाचं छपाईचं काम महिन्यातून पंधरा दिवस बसून असायचं. पण गणपत सांगत होता, एवढी ऑर्डर होऊ दे, मग बघू.

तो फ्रेम घेऊन जमिनीवर बसला. रंग पातळ झाला असता तर कडा फुटल्या असत्या, असे सुटे ठिपके आले नसते. फिल्मवरून चित्र जाळीवर उतरवायची काच त्याने स्वतः पुसली होती. जाळी सोड्याने धुतली होती, तेलकटपणा नव्हता. त्याने फ्रेम उलटी केली आणि जाळीवर वाळलेल्या रसायनाच्या थरावरून हळूच नख फिरवलं. नखाला एक लाल कण चिकटून आला. त्याने तो जिभेवर ठेवला आणि त्याला जोराचा ठसका लागला.

मिरची होती. मे महिना. चाळीच्या खाली मसाला कुटायचा डंक सकाळपासून धडधडत होता, अख्ख्या लालबागच्या वर्षभराच्या मिरच्या तिथे कुटल्या जात होत्या. ओला थर वाळत असताना खिडकी उघडी राहिलेली. वाऱ्याने पूड आत आली, थरात बसली, आणि पाण्याने धुताना निघून गेली ती भोकं ठेवूनच. एक कण चुकून अडकून राहिला होता म्हणून चोर सापडला. गणपतला हसू आलं. इतक्या वर्षांत त्याने छपाईची नाना दुखणी बघितली होती, पण हे तिखट दुखणं नवं होतं.

पण पूड काय चिमणीचं तोंड बघून पडते? ती सगळ्या जाळीवर पडली असणार. बाकीची भोकं बुजवली होती, तेवढी ही राहिली होती.

"शेवंते, काल भोकं तू बुजवलीस ना?"

"होय," त्याची बायको मोरीतून म्हणाली. बारीक ब्रशने भोकं बुजवायचं काम तिचंच होतं. गणपतला चष्मा लावूनही ती नीट दिसत नसत.

"मग गो, ही वरची कशी राहिली?"

ती हात पुसत आली आणि फ्रेमकडे वाकून बघायला लागली.

"ती भोकां होती?"

"मग काय?"

"माका वाटला, धूर आसा. चिमणी म्हटल्यावर धूर असणारच."

"अगो, फिल्मवर धूर कुठे होता?"

"फिल्म मी खंय बघितली? मी चिमणी बघितली."

गणपत परत हसला. ती हसली नाही. हात कोरडे झाले होते तरी ती ते पदराला पुसत राहिली आणि मग आत गेली.

त्याने ब्रश घेतला, चष्मा चढवला आणि फ्रेम खिडकीत उजेडावर धरली. तशी धरली म्हणजे भोकं चांदण्यांसारखी चमकतात. जाळीच्या पलीकडे, दोन गल्ल्या सोडून, खरी चिमणी उभी होती. धुऊनपुसून रंगवलेली, रात्री लागायला टोकावर दिवा.

ह्याच खिडकीत शेवंती लेकीची, कुंदाची, वेणी घालत बसायची. संपाचं दुसरं वर्ष होतं. काही कामगार परत आत गेले, अर्धीमुर्धी गिरणी सुरू झाली आणि एका सकाळी चिमणीतून धूर आला. शेवंतीने वेणी अर्धी सोडली आणि म्हणाली, "धूर येतोय. तुमी पण जा." एकदाच म्हणाली. गणपतने तिच्या डोक्यावरून हात घालून खिडकी लावून घेतली. गद्दारांचा धूर घरात नको, असं काहीतरी तो बोलला होता. तो सगळा उन्हाळा, खोलीत जीव उकडून निघत असताना, खिडकी उघडली गेली नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर कुंदाला शाळेतून काढलं आणि कणकवलीकडच्या एका बिजवराला दिली. आता कुंदाला सून आली. माहेरी येते तेव्हा आईजवळ बसते आणि बापाला तब्येत विचारते. गणपतला वाटायचं, शेवंती ते विसरली असेल. निदान त्या दोघांत तो विषय कधी निघाला नव्हता.

ब्रश टेकला की एक चांदणी विझायची. तो श्वास धरून एकेक भोक बुजवत गेला. शेवटचं बुजलं तेव्हा चिमणीच्या वर कोरं आकाश राहिलं.

संध्याकाळी राजारामने नवी पिशवी उलटीसुलटी करून बघितली.

"आता कशी दिसते. बघ, जमतं तुला." त्याने पिशवी घडी करून बगलेत मारली. "समज पासच. उद्यापासून लाग कामाला. आणि गणपत, उद्घाटनाला ये रे. मागच्या गेटाने ये, मी सांगून ठेवतो."

तो गेल्यावर गणपत बराच वेळ उगाच टेबल पुसत राहिला. मग मोठ्याने म्हणाला, "शिवाला सांग, खुर्ची दुसऱ्या कोणाला दे म्हणावं."

सकाळची ठिपक्यांची पिशवी दोरीवर होती. ती शेवंतीने काढली, ठिपक्यांवर तळवा फिरवून रंग वाळला की नाही बघितलं आणि कांदे भरून खिळ्याला टांगली.

एवढ्या पिशव्यांना एक फ्रेम पुरणार नव्हती. गणपतने दुसरी काढली, जाळी ताणून बघितली आणि तिच्यावर हिरवट थर ओढला. सारखा, पातळ, एका दमात. अजून हात चालत होता. खाली डंकाची शेवटची फेरी सुरू झाली आणि नाकाला झणझणलं.

"शेवंते, आधी खिडकी लाव," तो ओल्या फ्रेमवरची नजर न काढता म्हणाला. "पूड येतेय आत."

शेवंती खिडकीच्या अगदी जवळ होती. हात लांबवला असता तरी पुरलं असतं. ती उभी राहून बाहेर बघत होती.

"अगो, ऐकलंस काय? खिडकी."

"तुमीच लावा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुमका सवय आसा."

गणपतने वर बघितलं. मग ओली फ्रेम जपून भिंतीला टेकवली, उठला, आणि तिच्या डोक्यावरून हात घालून खिडकी लावून घेतली.