कोमचा दगड

नेवेनाचा गुडघा सकाळी एवढा सुजला होता, की पँट वर सरकेना. कुणी बघायच्या आत तिने ती कशीबशी चढवली. पण रुमेनच्या नजरेतून काय सुटतंय! तिघांचा म्होरक्या तो. निवृत्त पीटी मास्तर, पण गळ्यातली शिट्टी काही मनातून उतरली नव्हती.

"आज खिंडीपर्यंतच चाल," तो म्हणाला. "संध्याकाळी तिथे गाडी येतेय. तू सरळ घरी जा."

"मला विचारलंस?"

"गुडघ्याला विचारलं."

नेवेना डोंगरनिवाऱ्याबाहेरच्या नळावर पाणी भरायला गेली. आयुष्यभर बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, ट्राम चालवलेली बाई, आडव्या येणाऱ्यांची तिला सवय होती. कोम शिखरावरून निघून काळ्या समुद्रापर्यंत चालत जायचं, हे ती यंदा तिसऱ्यांदा करत होती. एकदा तापामुळे तिला अर्ध्यातून उतरवलं, एकदा याच गुडघ्यामुळे. दोन्ही वेळा ठरवलं दुसऱ्यांनीच.

या वाटेवर चालणारे कोमवरून एक खडा उचलतात आणि शेवटी समुद्रात टाकतात. लोक चवळीएवढा खडा घेतात, शहाणे असतात. नेवेनाने यंदा चांगला मुठीएवढा धोंडा उचलला होता. चवळी दोनदा खिशातून गुपचूप घरी आली होती. एवढा धोंडा परत न्यायचा म्हणजे स्वतःचीच लाज वाटली असती, म्हणूनच तो घेतला होता.

दुपारी झऱ्यापाशी तिघं भाकरी-चीज खायला बसली. नेवेनाने टोमॅटोसाठी सॅकमध्ये हात घातला आणि तो तळापर्यंत गेला.

"माझा दगड कुठाय?"

रुमेन हसला. "तो होय! तू पाण्याला गेलीस तेव्हा तुझी सॅक हलकी करत होतो, त्यात सापडला. म्हटलं, या अल्बेनाने गंमत केली असणार. दिला निवाऱ्यामागे फेकून."

चूक म्हणावी तर चूक, पण डोंगरातल्या माणसालाच व्हावी अशी. एकमेकांच्या सॅकमध्ये गुपचूप दगड सरकवायचे आणि संध्याकाळी पोट धरून हसायचं, हा खेळ तिथे सगळेच खेळतात.

"अहो, तो तिचा कोमचा दगड होता," अल्बेना म्हणाली. ती तिघांत सगळ्यात लहान होती.

रुमेनचा चेहरा पडला. "मग इथला एखादा घे ना. दगडांना काय तोटा आहे?"

नेवेनाने सॅक पाठीवर घेतली आणि आल्या वाटेने चढायला लागली.

"नेवेनाताई, मी येते," अल्बेना उठली.

"बस तू. जेव."

"गाडी थांबणार नाही!" रुमेन ओरडला.

"मग बरंच झालं."

चढ उभा होता. दर पावलाला गुडघ्यातून कळ मस्तकात जायची. तिने रुमेनला शिव्या घातल्या, गुडघ्याला घातल्या, मग दोघांना एकदमच घातल्या, तेवढाच दम वाचला. रडूही आलं, पण ते तिने चालता चालताच उरकलं.

निवाऱ्याच्या मागे दगड कुठेच दिसेना. शेवटी राखणदार गेन्कोदादाने लोणच्याच्या पिंपावरचं फडकं उचललं. मिरच्या खाऱ्या पाण्यात बुडून राहाव्यात म्हणून त्याने नेमका तोच दगड वर ठेवला होता.

"छान सपाट आहे," तो कुरकुरला. "दुसरा नेलास तर?"

"दुसरा तुम्ही शोधा, दादा."

ऊन उतरताना ती खिंडीत पोचली. गाडी उभी होती. ड्रायव्हर शेवटची सिगरेट विझवत होता. अल्बेना धावत आली. रुमेनने गाडीचं दार उघडून धरलं होतं, पण नजर मात्र खाली होती.

"तुम्ही ही वाट आज एकदा चाललात," नेवेना म्हणाली. "मी बरीचशी तीनदा चालले. आता सांग, कोणी घरी जायचं?"

रुमेनने दार लावून हात पुढे केला. "दे तो दगड. माझ्यामुळे गेला. समुद्रापर्यंत मी वाहतो."

दगडाला अजून मिरचीचा वास येत होता. नेवेनाने तो पुसला आणि स्वतःच्या सॅकच्या तळाशी ठेवला.

"तू तुझी चवळी सांभाळ," ती म्हणाली, आणि तंबूसाठी सपाट जागा बघायला लागली. मागे गाडी रिकामीच खाली निघून गेली.