तोंड बांधलेली टोकुन्बो

मी एक जुनी मशीन आहे. चरबी गोठवणारी. हसलात ना? हसा, मित्रांनो, खुशाल हसा. लागोस शहरात, मॅडम येवांदेंच्या सौंदर्य दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी उभी आहे. डोक्यावर टॉवेलांची टोपली आहे, पायाशी फाटक्या चपला आहेत, आणि मला कशाचीही लाज वाटत नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशातला. माझं काम सोपं आहे. माझ्या नळीच्या टोकाला एक वाटी असते. ती पोटावरची वळी ओढून धरते आणि पस्तीस मिनिटं गारठवते. कातडी शाबूत राहते, आतली थोडी चरबी मरते, आणि शरीर ती दोन-तीन महिन्यांत सावकाश बाहेर टाकतं. चाकू नाही, टाके नाहीत. पण जादूही नाही. हत्तिणीची हरिणी मी आजवर कुणाची केलेली नाही, आणि तसं वचनही दिलेलं नाही. वचनं देतात ती माणसं.

तिकडे सहा वर्षं राबले. मग एक नवी चकचकीत मशीन आली आणि मला खोक्यात घालून जहाजावर चढवलं. इथे परदेशातून वापरून आलेल्या गाडीला, फ्रिजला, कशालाही ‘टोकुन्बो’ म्हणतात. मीही टोकुन्बो झाले. मॅडम हे नाव नाक मुरडून घ्यायच्या. पण मला चालवायला ठेवलेली नर्स पहिल्याच दिवशी खो-खो हसली. तिचंही नाव टोकुन्बो! परदेशात जन्मून घरी आलेल्या लेकराला इथे हेच नाव ठेवतात.

“बाई गं, आपण दोघी एकाच नावाच्या,” माझ्यावर फडकं फिरवत ती म्हणाली. “सांभाळून घे हं मला.”

सांभाळलं तिनेच मला. दर वेळी वाटीखाली जेलची नवी ओली घडी ठेवायची, म्हणजे कातडीला इजा होत नाही. किती मिनिटं झाली ते वहीत लिहायची. चिमटीत धरण्याइतकंही पोट नसलेली एखादी पोरगी आली, की तिला सरळ परत पाठवायची. “घरी जा आणि आईच्या हातचं पोटभर जेव,” म्हणायची. मॅडमना हे मुळीच आवडायचं नाही.

माझ्यात एक भोंगा आहे. कातडी फार गार पडली की मी ओरडते. मॅडमना तो आवाज खपेना. “गिऱ्हाइकं घाबरतात,” म्हणत त्यांनी भोंग्यात कापूस कोंबला आणि वर चिकटपट्टी लावली. टोकुन्बो काही बोलू गेली.

“तुझंही तोंड बांधू का?” मॅडम म्हणाल्या.

नोकरी जाण्याच्या भीतीने ती गप्प बसली. खरं सांगते, तेव्हा मला तिचा राग आला होता.

मग एके दिवशी दुपारी ममा फोलुके, म्हणजे फोलुकेची आई, आल्या; इथे आईला लेकराच्या नावानेच हाक मारतात. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. दोन आठवड्यांवर लेकीचं, फोलुकेचं, लग्न आलेलं. बोलणी करायला आलेली विहीण सगळ्यांदेखत त्यांना ‘ओरोबो’ म्हणाली होती, म्हणजे जाडी. ते त्यांच्या मनाला लागलं होतं. मॅडमनी छातीठोकपणे सांगितलं, “लग्नापर्यंत पोट सपाट!”

टोकुन्बोने वाटी लावली. बाविसाव्या मिनिटाला वीज गेली. जनरेटर बिघडलेला होता. तिने वाटी काढली, वहीत बावीस लिहिलं आणि गारठलेली वळी चोळू लागली. अर्ध्या तासाने वीज आली आणि गल्लीभर आनंदाचा आरडाओरडा झाला. मॅडम धावत आल्या.

“पुन्हा पहिल्यापासून लाव. पूर्ण पस्तीस मिनिटं.”

“हो, माझी पस्तीस मिनिटं मला पाहिजेत,” ममाही म्हणाल्या.

या शहराची ही सवयच आहे. वीज गेली की राहिलेलं काम पहिल्यापासून धरायचं. इस्त्रीला चालतं, गाण्यालाही चालतं, कातडीला चालत नाही.

“नको, मॅडम. आज त्याच जागी पुन्हा लावायचं नसतं.”

“सरक बाजूला!” मॅडमनी स्वतः वाटी लावली आणि बटण दाबलं.

कातडीच्या तापमानाचा आकडा भराभर खाली येऊ लागला. मी ओरडले, जिवाच्या आकांताने ओरडले. सगळा आवाज कापसात मुरला. पडद्यावर फक्त लाल आकडा लुकलुकत होता. तो टोकुन्बोने पाहिला. तिने एका झटक्यात पट्टी ओरबाडली, कापूस उपसला, आणि माझा आवाज थेट रस्त्यापर्यंत गेला. बाहेर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. तिने मला बंद केलं आणि वाटी काढली. कातडी लालबुंद झाली होती, पण फोड आला नव्हता.

टोकुन्बो ममांपुढे गुडघ्यांवर बसली. “ममा, थंडीनेही कातडी जळते. आणि लग्नापर्यंत तुमचं पोट कमी होणार नाही. दोन-तीन महिने लागतात. हे मी आधीच सांगायला हवं होतं.”

“चालती हो!” मॅडम किंचाळल्या. “आत्ताच्या आत्ता!”

ममा उठल्या आणि सावकाश कमरेचं वस्त्र बांधू लागल्या.

“येवांदे, लेकीच्या लग्नात मला भाजलेलं पोट घेऊन नाचवणार होतीस होय गं? याच पोटात माझी फोलुके वाढली. म्हणू दे विहीणबाईला ओरोबो. मी नाचायला उतरले ना, की तिलाच बाजूला सरकावं लागेल.” मग त्या नर्सकडे वळल्या. “आणि तू ऊठ, पोरी. दुकानात चल. लग्नाला घरच्या बायका घालतात तेच कापड तुलाही देते. आमच्यात बसायचं.”

टोकुन्बोने जाताना माझ्यावरून एकदा फडकं फिरवलं आणि ती चिकटपट्टी चुरगळून स्वतःच्या खिशात घातली.

पुढे मॅडमनी दोन वेळा मला दामटून चालवून पाहिलं. दोन्ही वेळा मी गल्ली गोळा केली. म्हणून ही मागची खोली आणि ही टोपली.

मित्रांनो, मशीन पुसत जा, तिचं जेल बदलत जा. पण जे तुमच्याच कातडीसाठी ओरडतं, त्याचं तोंड बांधू नका. मग ती मशीन असो की नर्स. मला खुशाल भंगारात घाला. तिथेही कुणी वीज जोडली आणि कुणाची कातडी गार पडू लागली, तर मी ओरडणार म्हणजे ओरडणार.