सहा रविवारांचा केक

मोरागनं परडी तिसऱ्यांदा रिकामी केली आणि पुन्हा भरायला घेतली. तळाशी शॉर्टब्रेडचा डबा, त्यावर ओटकेकची पुडकी, कडेला रास्पबेरी जॅमच्या दोन बरण्या आणि मेणकागदात गुंडाळलेल्या, टॅब्लेट नावाच्या स्कॉटिश मिठाईच्या वड्या. साखर, लोणी आणि आटीव दूध घोटता घोटता त्या वड्यांपायी तिचा खांदा भरून आला होता. मधली जागा मोकळी होती. ती केकची.

तिचा मुलगा फर्गस ॲबर्डीनला राहायचा, गाडीनं तासा-सव्वातासावर. दहा महिने त्यानं दारूला स्पर्श केला नव्हता. ख्रिसमसला घरी येत नाही, असं त्यानं आपणहून कळवलं होतं. गावात, पोर्टसॉयला पाऊल टाकलं की बंदरावरचे जुने सोबती हाक मारणार आणि आपण अजून तेवढे घट्ट झालेलो नाही, हे तो ओळखून होता. मोराग आधी रडली आणि रडून झाल्यावर तिला त्याचा अभिमान वाटला. पोरगा घरी येत नाही तर घरच परडीत भरून पाठवायचं, असं तिनं ठरवलं.

त्यासाठी या वर्षी तिनं केकही वेगळा केला होता. एरवी मनुका व्हिस्कीत भिजायच्या, यंदा कोऱ्या चहात भिजल्या. नवऱ्याची बाटलीसुद्धा तिनं कपाटातून उचलून मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवली.

"चाळीस वर्षं समुद्रावर काढली," डॉड तेव्हा कुरकुरला होता, "आणि आता घोटभर घ्यायला गमबूट चढवून अंगणात जायचं."

"जायचं," मोराग म्हणाली होती. "पाऊस असेल तर टोपीही घालायची."

डॉड काही वाईट माणूस नव्हता. पण दारू हा आजार असतो, हे काही त्याच्या गळी उतरत नव्हतं. पोराला प्रमाण कळलं नाही, एवढंच त्याचं मत. दहा महिन्यांत मुलाशी या विषयावर तो अवाक्षरही बोलला नव्हता, आणि मोरागला त्याचा मनातून राग होता.

बरोबर एक वाजता शेजारची विल्मा आली. ती मुलीकडे ॲबर्डीनला निघाली होती, परडी वाटेत देणार होती. डॉडनं शेडमधून केकचा डबा आणला. थंडीत केक चांगला मुरतो म्हणून तो सहा आठवडे तिथेच होता. दोरी बांधलेला डबा तसाच परडीत बसला, वर लोकरी मफलर आला आणि गाडी गेली.

दोन वाजता मोराग चहा ओतत असताना डॉड खुशीत म्हणाला, "यंदा केक कसला झालाय बघ. सहांतला एकही रविवार चुकवला नाही."

मोरागच्या हातातली किटली थांबली. "काय चुकवलं नाहीस?"

"पाजायचं. दर रविवारी तीन चमचे."

हे काम लग्न झाल्यापासून त्याचंच. नोव्हेंबरात केक झाला की विणायची सुई घेऊन त्याला भोकं पाडायची आणि ख्रिसमसपर्यंत चमच्यानं व्हिस्की पाजायची. यंदा करू नकोस, असं तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. बाटली हलवली म्हणजे कळलं, असं ती धरून चालली होती. आणि बाटली नेऊन ठेवली होती केकच्या शेजारी, स्वतःच्या हातानं.

"अरे, तू वेडा आहेस का? फर्गसला पाठवलाय तो."

"मग? दारू कुठे आहे ती, केक आहे."

तिनं विल्माला फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना विल्माचा फोन पर्सच्या तळाशी असतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मग फर्गसचा नंबर काढला आणि अंगठा तसाच राहिला. केकमध्ये व्हिस्की आहे, असं सांगायचं म्हणजे एकट्या पोराच्या डोक्यात ते भरवून द्यायचं. न सांगावं तर त्यानं घास घेतलाच म्हणून समजा.

अडीचला विल्माचाच फोन आला. "दिली गं परडी, झाली चांगली पंधरा मिनिटं. लहान पोरासारखी कवटाळून वर नेली त्यानं."

आता विचार करायला जागाच नव्हती. मोरागनं फर्गसला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. डॉड खिडकीपाशी उभा होता, कपातला चहा तसाच. तिसऱ्यांदा उचलला गेला.

"आई." आवाज सपाट होता. "डबा उघडताच वास आला."

"फर्गस, ऐक..."

"केक बाहेर जिन्यावर ठेवलाय. दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या गटातल्या इयनला फोन केलाय, वीस मिनिटांत येतोय. तोवर तू फोन ठेवू नकोस."

"नाही ठेवत, राजा."

"एकच सांग. तुम्ही दोघांनी ठरवून पाठवलात? एवढ्यानं काही होत नाही, असं वाटलं तुम्हाला?"

"ठरवून?" एवढंच म्हणून मोरागनं डॉडकडे पाहिलं. नाही म्हणावं तर बापाचं नाव घ्यावं लागणार होतं, आणि या दोघांत आधीच बोलण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. डॉडनं कप ठेवला, जवळ आला आणि तिच्या हातातून फोन घेतला.

"मी बोलतोय. तुझ्या आईनं चहात केला होता केक. व्हिस्की मी घातली, तिला न सांगता." त्यानं घसा खाकरला. "मला वाटलं, केक म्हणजे काय दारू थोडीच. मला हे कळत नाही रे, फर्गस. कधीच कळलं नाही, आणि मी तुला विचारलंही नाही."

फर्गसचा आवाज खाली आला.

"बाबा, आईला मी खोटं सांगितलं. केक बाहेर नाहीये. मी एक तुकडा कापलाय."

डॉडनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "खाल्लास?"

"नाही. हातात आहे."

मोराग त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती, पण त्यानं तिला काही सांगितलं नाही. ओरडला नाही, उपदेशही केला नाही.

"किती वेळ धरलायस?" त्यानं विचारलं.

"तुमचा फोन वाजत होता तेव्हापासून."

"अवघड आहे?"

"फार."

"बरं. मी इथेच आहे," डॉड म्हणाला. "इयन येईपर्यंत आहे, त्याच्यानंतरही आहे. जमेल तेव्हा खाली ठेव. मला घाई नाही."

भिंतीवरच्या घड्याळात मोरागनं चार मिनिटं मोजली. डॉड फोन कानाला लावून ताठ उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मग त्यानं फोन थोडा कलता केला, तिलाही ऐकू यावं म्हणून.

पलीकडे नळ सुरू झाला होता. फर्गस हात धूत होता.