थोडं बसा, मग जा

मी फ्लेक्स बोलतोय. गेल्या वर्षी दिवाळीनंतर वर्ध्याच्या स्टेशन रोडवर तुम्ही मला पाहिलं असेल. कपाळावर गोंदण असलेली एक हसरी बाई, तिच्या पुढ्यात सीताफळांची टोपली आणि शेजारी ठळक अक्षरांत, ‘वर्धा. थोडं बसा, मग जा.’ तो मीच. आता मी तिथे नाही. कुठे आहे ते सांगतोच, पण आधी जन्मापासून सांगायला हवं.

राकेशच्या छपाईच्या दुकानात मी जन्मलो. त्याआधी मी नुसता पांढरा गुंडाळा होतो. त्याच गुंडाळ्यातले माझे भाऊ कुणाच्या वाढदिवसाचे झाले, कुणाच्या निवडीच्या अभिनंदनाचे. त्या सगळ्यांवर माणसं हात जोडून हसत होती. मला वाटायचं, माणसं जन्मभर हात जोडूनच हसत असावीत.

मग दुकानात अपेक्षा आली. बोरगाव मेघेची मुलगी, पुण्याला जाहिरातीचं शिकून परतलेली. शहरातल्या जुन्याजाणत्या मंडळींनी एक ‘शहर प्रतिमा समिती’ काढली होती, आणि वर्ध्याची नवी ओळख तयार करायचं काम तिला दिलं होतं. अडचण साधी होती. लोक सेवाग्रामला येतात, आश्रम बघतात आणि परस्पर नागपूरला निघून जातात. गावात कुणी पाऊलही ठेवत नाही.

माझा नमुना बघायला समिती दुकानातच आली. अध्यक्ष चंद्रभानकाका पुढे. त्यांचं कापडाचं जुनं दुकान आता मुलगा सांभाळायचा, आणि ते शहर सांभाळायचे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला खालून वर पाहिलं.

“चरखा कुठं आहे?”

“काका, चरखा पेट्रोल पंपावर आहे, कॅलेंडरवर आहे, मिठाईच्या डब्यावर आहे,” अपेक्षा म्हणाली. “लोक चरखा पाहतात आन् गाडीत बसून जातात.”

“पण चरखा म्हणजे वर्धा, बेटा.”

“मग ही बाई कुठली आहे?”

“आमच्या वेळेस असं...”

“तुमच्या वेळेस फ्लेक्सच नव्हते, काका.”

राकेशला अचानक खोकला आला. तो बराच वेळ मशीनच्या मागे जाऊन खोकला.

ती बाई म्हणजे सखूबाई. कारंज्याकडच्या जंगलाजवळच्या एका गावची. सकाळच्या एसटीने ती आणि तिचा नवरा मंगरू टोपल्या घेऊन यायचे, आणि स्टेशन रोडवरच्या कडुलिंबाखाली ती बसायची. हंगामाप्रमाणे सीताफळं, बोरं, टेंभरं, चारोळी. अपेक्षा पहिल्यांदा तिच्याकडे गेली तेव्हा उभ्याउभ्याच भराभर प्रश्न विचारू लागली होती. सखूबाईने टोपली सरकवून जागा केली आणि म्हणाली, “काऊन धावून राह्यली व? थोडी बस, मंग जाजो.” अपेक्षा बसली. उठली तेव्हा तिच्याकडे शहराचं ब्रीदवाक्य तयार होतं. हे तिनेच राकेशला सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मला माझ्या अंगावरच्या शाईचा अभिमान वाटला.

समितीपुढे मात्र मी बदलत गेलो. वरच्या बाजूला गोल चौकटींत पदाधिकाऱ्यांचे फोटो आले. हात जोडलेले, अर्थातच. कुणाचा गोल कुणाहून लहान यावरून रुसवे झाले, मग सगळेच गोल मोठे झाले. कोपऱ्यात चरखा आला. जेवढे ते वाढले तेवढी सखूबाई आक्रसली. अपेक्षाने दात आवळून सगळं मान्य केलं. एकाच गोष्टीवर ती अडून बसली.

“फोटो काढताना मी सखूबाईले शब्द दिला, काका. कडुलिंबाखालची तिची जागा कोणी हलवायची नाही.”

“कोण हलवून राह्यलं?” चंद्रभानकाका म्हणाले. “तू उगाच तापते.”

मग माझ्या कडांना रिंगा ठोकल्या, आणि मी स्टेशन रोडवर लोखंडी चौकटीवर चढलो. समोरच कडुलिंब, खाली सखूबाई. पहिल्या दिवशी ती रस्ता ओलांडून माझ्यासमोर उभी राहिली.

“नाक एवढं मोठं हाय काय माहं?”

शेजारचा मक्याची कणसं भाजणारा म्हणाला, “आता हिरोइन झाली तू. सीताफळं महाग करशीन.”

“तुले फुकट देईन. पण आधी सही घ्या लागन.”

ते दिवस चांगले होते. लोक मला पाहायचे, मग तिला पाहायचे, आणि खरंच थांबायचे. कुणी शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसून सीताफळ फोडायचं, कुणी बिया थुंकत तिच्या गावाचं विचारायचं. दुपारी मंगरू झाडाला टेकून डुलकी काढायचा, आणि ती त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी बोलून हसायची. मला ती भाषा कळत नसे. अपेक्षा संध्याकाळी यायची, दूर उभी राहून हे बघायची. शहराची प्रतिमा म्हणतात ती मला वाटतं एवढीच असते. कुणीतरी बसलेलं असतं आणि दुसऱ्याला शेजारी बसावंसं वाटतं.

समितीला ते पुरेसं वाटलं नाही. शहर मेळावा ठरला. मुंबईच्या एका मोठ्या पर्यटन कंपनीचे पाहुणे येणार होते. त्यांना शहर पसंत पडलं तर त्यांच्या बसगाड्या इथे मुक्कामाला थांबणार होत्या. रस्ता धुतला गेला, दुभाजक रंगले. आणि एके सकाळी समितीची माणसं कडुलिंबाभोवती लोखंडी कठडा बसवू लागली. आत शोभेच्या कुंड्या.

सखूबाई टोपली डोक्यावर घेऊन माझ्याच खाली उभी होती. तिने आरडाओरडा केला नाही. फक्त विचारलं, “मंग मी कुठं बसू?”

“मागच्या गल्लीत बस. मेळावा होतपर्यंत,” चंद्रभानकाका म्हणाले. त्यांचा आवाज कठोर नव्हता. मोठ्या माणसांचा आवाज अशा वेळी नेहमी मऊ असतो.

अपेक्षा स्कूटी उभी करून धावत आली. “काका, कोण हलवून राह्यलं, असं तुम्हीच म्हणाले होते. अन् वर पाहा. तिचाच फोटो आहे.”

चंद्रभानकाकांनी खरंच वर पाहिलं. “म्हणूनच म्हणतो बेटा. वर आहे न ते. मंग खाली कायले पाह्यजे?”

त्या वाक्याने मी वाऱ्याशिवाय हललो. मी तर लोकांना तिच्याकडे बोलावण्यासाठी लागलो होतो. मी तिच्या जागी लागलोय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मेळाव्याच्या दिवशी पाहुणे गाडीतून उतरले आणि थेट माझ्यासमोर आले. त्यांतल्या बाईंनी ब्रीदवाक्य दोनदा वाचलं. “फार सुंदर. या कुठे बसतात?”

अपेक्षा मागच्या गल्लीत गेली आणि सखूबाईला घेऊन आली. मागून मंगरू आला, टोपली घेऊन. तेवढ्यात कुणीतरी मांडवातून चरखा आणला होता, कुणी खादीची कोरी साडी.

“हे गुंडाळून घे अंगावर,” चंद्रभानकाका हळूच म्हणाले. “पाच मिनिटं बस चरख्यापाशी. फोटो झाला का मोकळी.”

सखूबाईने साडीकडे पाहिलं, चरख्याकडे पाहिलं, मग कठड्याच्या आतल्या कुंड्यांकडे.

“मले हे चालवता येत नाई. मी माह्या टोपलीपाशी बसीन.”

“बरं, टोपलीपाशी बस.”

“पण बसीन तं रोज बसीन. नाईतं आज बी नाई.”

अपेक्षा चंद्रभानकाकांकडे पाहत होती, आणि मला तिच्या डोळ्यांत राग दिसला नाही. विनवणी दिसली. त्या मुलीने आयुष्यात कुणा वडीलधाऱ्याकडे तसं पाहिलं नसेल. एक होकार हवा होता. कठडा काढायला दोन माणसं पुरली असती.

चंद्रभानकाकांनी घड्याळ पाहिलं. पाहुण्यांना पुढे केळझरच्या गणपतीला जायचं होतं.

“राहू द्या,” ते पाहुण्यांना हसून म्हणाले. “फ्लेक्स आहे न. याच्यापुढंच उभे राहू.”

आणि ते माझ्यापुढे उभे राहिले. पाहुण्या बाई, समिती, सगळे. फोटो फार छान आले असं नंतर ऐकलं. सखूबाई रस्त्याच्या कडेला उभी राहून ते पाहत होती. मंगरूला ती त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलली. त्याने टोपली उचलली, आणि दोघं एसटी स्टँडकडे गेले. त्या दोन शब्दांचा अर्थ मला अजून ठाऊक नाही, पण बहुधा मला तो कळला.

मेळावा संपला, कठडा राहिला. कुंड्यांना पाणी घालायचं कुणाच्या लक्षात नव्हतं, ती झाडं वाळली. कडुलिंबापाशी लोक यायचे, मला पाहायचे, खाली पाहायचे आणि पुढे जायचे.

अपेक्षाने समितीचं काम सोडलं. चंद्रभानकाका म्हणाले म्हणे, आजकालच्या पोरींना धीर नसतो. एका सकाळी ती राकेशची शिडी घेऊन आली आणि स्वतः वर चढली. दोऱ्या कापताना तिचे हात काळे झाले. रस्त्यावरचे पाहत होते, कुणी अडवलं नाही.

घडी घालून स्कूटीवरून तिने मला केळझरला आणलं. गणपतीच्या देवळाच्या चढाखाली सखूबाई आता बसते. तिथे सावली नाही. अपेक्षा समोर उभी राहिली, माफी मागायची होती तिला. सखूबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, बोटांनी चाचपलं.

“पाणी गळत नाई न यातून?”

“नाही.”

“मंग बांधू लाग.”

चार बांबूंवर त्यांनी मला ताणलं. अपेक्षा चित्राची बाजू रस्त्याकडे करू पाहत होती. सखूबाईने मला उताणा केला. “मले मी पाहून काय भेटन? पांढरी बाजू खाली ठेव. उजेड पडते.”

तेव्हापासून माझा चेहरा आभाळाकडे आहे. उन्हाने लाल शाई आधी गेली, मग पिवळी. गोलांतली माणसं निळी झालीत, अजून हात जोडून आहेत. तीही जातील. मला वाईट वाटत नाही. चौकटीवर मिरवताना मी कुणाच्या उपयोगी पडलो नाही, इथे एका माणसाला सावली देतो.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्या शहरातही फ्लेक्स लागतील, हसऱ्या चेहऱ्यांचे, गोड वाक्यांचे. वर जरूर पाहा. मग एकदा खाली पाहा, ते माणूस तिथे आहे का.

परवा एक बाई चढ उतरून धापा टाकत आली. पाणी प्यायली आणि सखूबाईकडे निरखून पाहू लागली.

“वर्ध्याच्या त्या बोर्डावर तुम्हीच होत्या काय?”

“त्या बाईले तिथं जागा होती,” सखूबाई म्हणाली. “मले नाई भेटली.”

मग तिने टोपली सरकवली, माझ्या सावलीत जागा केली आणि म्हणाली, “थोडी बस व माय. मंग जाजो.”