सावलीवरचा पूल

सरकारी कार्यालयात पंखा बंद पडला तर चालतं, साहेब रजेवर गेले तरीही चालतं. पण ॲप बंद पडलं की सगळे हात बांधून बसतात, हे आपण सर्वांनी पाहिलेलं आहे. मे महिन्यातल्या त्या दुपारी मात्र ॲप चालू होतं. कनिष्ठ अभियंता लीलाधर बिसेन यांच्यासमोर हिरडीटोला या वस्तीचा नवा रस्ता आणि त्यावरचा छोटा पूल हिरव्या रंगात झळकत होता. ‘काम पूर्ण’ हे बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. ते दाबलं की त्या कामात कुणालाच काही बदलता येणार नव्हतं.

तेवढ्यात शामकला रहांगडाले दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची दोन एकराची धानाची बांधी त्याच रस्त्याला लागून होती.

“साहेब, पूल पाहून आले का तुमी?”

“फोटो पाहिला बाई. उत्तम आलाय.”

“फोटो तर आधार कार्डावर माहा बी हाय. त्याच्यात मी जित्ती दिसतो का?”

शेजारच्या टेबलावरची संगणकचालक रुचिका मान खाली घालून हसली. शामकलाबाई मात्र हसल्या नाहीत.

“नाला तिकडं अन् पूल इकडं. मधात साठ पावलं! पुलाखाली बकऱ्या झोपून राहिल्या जी. अन् नाल्यावर तुमी चार फूट मुरूम टाकून रस्ता चढवला. आता पानी कुठून जाईल? पयले माह्या बांधीत, मंग टोल्यातल्या पाच घरात.”

लीलाधरने नकाशा पाहिला. “ॲपमध्ये तर नाला पुलाखालीच आहे.”

“मंग ॲपातच धानाचा रोवना करू का?”

लीलाधरने नियमाप्रमाणे नागरिकांच्या अभिप्रायाचा रकाना उघडला. त्यात दोनच पर्याय होते: ‘समाधानी’ आणि ‘अतिशय समाधानी’. “यातलं कोणतं लिहू?” त्याने विचारलं. शामकलाबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोटारसायकल काढून हिरडीटोल्याला पोहोचला.

पूल खरोखर सुंदर होता. कठड्यांना चुना, त्यावर क्रमांक, शेजारी फलक. खाली कोरडी ठणठणीत जमीन. पलीकडे शामकलाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्यासोबत मुन्नालाल, तीस वर्षं याच भागातल्या रस्त्यांवर मैलकुली म्हणून राबून निवृत्त झालेला म्हातारा.

लीलाधरने फोन काढला. खूण पुलावर अचूक होती. उपग्रहाच्या चित्रात खुणेखाली एक काळी रेघ होती. त्याने मान वर केली. समोर मोहाच्या झाडांची लांबच लांब रांग होती, आणि तिची सावली जमिनीवर रेघ ओढून पडली होती.

त्याला ॲपचं प्रशिक्षण आठवलं. तीन दिवसांचं, गोंदियाला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी सरांनी सांगितलं होतं, आपापल्या कामातल्या नाल्यावर खूण करा. त्याने खुर्चीत बसूनच त्या रेघेवर बोट टेकवलं होतं. त्यानंतर ॲप त्या जागेपासून दहा मीटरच्या बाहेरचा एकही फोटो घेईना, म्हणून कंत्राटदारानेही पूल तिथेच बांधला. त्या माणसाने एकदा विचारलं होतं, “साहेब, इथं नाला दिसत नाही.” लीलाधर म्हणाला होता, “ॲप काय खोटं बोलते का?”

अरे देवा! आपण सावलीवर पूल बांधला!

पुढच्या महिन्यात याच ॲपचा मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याची निवड व्हायची होती. तो हळू आवाजात मुन्नालालला म्हणाला, “बटण दाबलं तर माझ्यावर काही येत नाही. पावसाळ्यात जे होईल ते नैसर्गिक आपत्तीत जाईल.”

“अन् आमी कशात जाऊ?” शामकलाबाईंनी विचारलं.

मग मुन्नालाल म्हणाला, “साहेब, फोन वाईट नाई जी. आमी दोरी धरून माप घेत होतो, त्यात बी चुका झाल्या. पन खुटी गाडाच्या आधी तवाचे साहेब शेतवाल्याले विचारत, बापा, पानी कोनत्या अंगानं येते? जे बाई दर साली इथं गुडघाभर चिखलात उभी राह्यते तिले माहीत राह्यते. तुमाले बोट कुठं ठेवाचं ते शिकवलं. कोनाले विचाराचं, ते कोनी शिकवलं नाई. अन् तुमी बी मागितलं नाई.”

लीलाधर नाल्याच्या कोरड्या पात्रात उतरला. त्याने फोटो घेतला. ‘चुकीचे ठिकाण’, फोन म्हणाला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग त्याने फोन खिशात टाकला, पिशवीतून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला सुरुवात केली.

त्याची एक प्रत त्याने वरिष्ठांकडे पाठवली आणि चौथ्या दिवशी ग्रामसभेत तो कागद वाचला. खूण मी केली, जागेवर न जाता केली, विचारणाऱ्याला गप्प बसवलं. शेवटी कागदावरची भाषा सोडून तो म्हणाला, “चुकलो जी. माहीच चूक हाय.”

मागून कुणीतरी ओरडलं, “पूल आता बकऱ्याईच्या नावानं करून द्या!” सभा खदखदून हसली. लीलाधर उभाच राहिला. हसणं विरलं तेव्हा शामकलाबाई उठल्या. “हसनं झालं असन त चाला. पानी याले पंधरा दिवस राह्यले.”

लीलाधरला कारणे दाखवा नोटीस आली. प्रशिक्षकांच्या यादीतून नावही गेलं. पण त्याच्या कागदामुळे वरून परवानगी मिळाली, नाल्यावरचा मुरूम फोडून मोठे पाइप टाकायचं ठरलं. खोदकामाचं यंत्र एकच मिळालं, तेही दोन दिवसांसाठी. उरलेला मुरूम टोल्याने हातांनी उपसला. पाइप कुठल्या बाजूला किती उताराने बसवायचे ते शामकलाबाई काठावरून सांगत होत्या, आणि लीलाधर आधी ऐकत होता, मग मोजत होता.

नागरिकहो, यंत्राला आपण दाखवू तेवढंच दिसतं. ते चालवायला जरूर शिकावं, पण ज्या जमिनीवर काम करायचं तिथं आधी आपले पाय लागले पाहिजेत, आणि तिथं राबणाऱ्याचा शब्द नोंदीत आला पाहिजे. आणि एखादा अधिकारी भर सभेत ‘माझी चूक’ म्हणाला, तर थोडं हसून घ्या. मग त्याच्या हातात घमेलं द्या, आणि दुसरं घमेलं आपण उचला.