ट्रेलरखालची पेटी

रुकय्या ट्रेलरखाली शिरली, तेव्हाच शत्रुघ्नच्या मनात पाल चुकचुकली.

यार्डात येणारी गिऱ्हाइकं सहसा माल बघायला गाडीच्या एसीतून उतरायचीही नाहीत. काचेतूनच नजर टाकायची आणि मग थेट केबिनमध्ये जाऊन चहा पीत भाव करायची. या बाईनं मात्र डोक्यावरचा रुमाल आवळला, झग्याचा घोळ एका हातात गोळा केला आणि सरळ पाठीवर पडून चॅसीखाली सरकली. थोड्या वेळानं खालून खरवडल्याचा आवाज येऊ लागला. शत्रुघ्न वाकून बघतो तर ती किल्लीच्या टोकानं नवा रंग उकरत होती.

"रंग ताजा आहे," ती खालूनच म्हणाली.

"गाडी रंगवूनच विकतात, मॅडम."

"काय झाकायला?"

तिची इंग्रजी चांगली होती, त्याची कामापुरती. पण या प्रश्नाला कुठल्याच भाषेत उत्तर द्यायची त्याची इच्छा नव्हती.

आखातातल्या मीना अब्दुल्ला या गावच्या त्या यार्डात तो वेल्डिंगचा फोरमन होता. तेलाच्या ठेकेदारांनी वापरून टाकलेले लांब ट्रेलर तिथं यायचे, दुरुस्त व्हायचे आणि जहाजानं बाहेरदेशी जायचे. रुकय्या मलावीहून आली होती. तिकडच्या ट्रक-ड्रायव्हरांनी मिळून एक सहकारी संस्था काढली होती. संस्थेनं तिला सहा ट्रेलर घ्यायला पाठवलं होतं. यार्डाचा मॅनेजर जयप्रकाश हसत हसत सगळ्यांना सांगत होता, "त्यांच्या देशाला समुद्रच नाही. शेजाऱ्याच्या बंदरात माल उतरवायचा, शेजाऱ्याच्या रस्त्यानं आणायचा, शेजाऱ्याच्या नाक्यावर हात जोडून उभं राहायचं. आणि म्हणे धंदा करणार!"

शत्रुघ्नचं गाव मालवणच्या किनाऱ्यावरचं. समुद्र नसलेला देश म्हणजे काय, हे त्याच्या डोळ्यांपुढे येईना. त्यानं त्यावर फार विचारही केला नाही. दुसऱ्या दिवशी रुकय्यानं जे मागितलं, त्यानं त्याची झोपच उडाली.

जयप्रकाश केबिनमध्ये आहे असं बघून ती शत्रुघ्नजवळ आली. खडूनं तिनं जमिनीवर ट्रेलर काढला आणि चाकांच्या पुढे, चॅसीच्या पोटात, एक चौकोन काढला.

"इथं पेटी हवी. प्रत्येक ट्रेलरला. माणूस हात घालू शकेल एवढी खोल. दार असं बसवा की बाहेरून दिसता कामा नये. वर कुलूप नको, आत लपलेली खिट्टी. रंग चॅसीचाच."

"ड्रॉइंगमध्ये दाखवू?"

"नको. कागदावर नको. कागदावर आली की बंदरात ट्रेलर अडकून पडेल."

"आत काय ठेवणार?"

तिनं केबिनकडे एक नजर टाकली. "अवजारं."

एवढं बोलून तिनं चपलेनं खडूचं चित्र पुसून टाकलं. शत्रुघ्न त्या पुसट डागाकडे बघत राहिला.

त्याला बाळा आठवला. बाळा शेजारच्या गावचा, जवळच्याच शुऐबा बंदरातल्या एका यार्डात वेल्डर होता. एका गिऱ्हाइकानं त्याच्याकडून ट्रकला दुहेरी तळ बनवून घेतला. बाळानं विचारलं नाही, गिऱ्हाइकानं सांगितलं नाही. पुढे तो ट्रक तिथं बंदी असलेल्या दारूसकट सापडला. गिऱ्हाईक पळालं आणि वेल्डिंग कुणाचं हे शोधत पोलीस बाळापर्यंत आले. तुरुंग भोगून तो गावी गेला तो पुन्हा आखातात येऊ शकला नाही. आता तो कुडाळला खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा आणि शत्रुघ्न सुट्टीवर गेला की रस्ता बदलायचा.

खोलीवर परतल्यावर त्यानं उदयला सांगितलं. उदय त्याच्याच तालुक्यातला, एसी दुरुस्तीवाला. भात ढवळता ढवळता तो म्हणाला, "बाळाचा काय झाला, ता इसारलंस?"

"इसारलंय नाय म्हणान तर इचारतंय."

"मगे तू कित्याक पडतंस त्या भानगडीत? मॅनेजराक सांग आनि मोकळो हो."

शत्रुघ्ननं लगेच सांगितलं नाही. आधी तिच्यावर नजर ठेवली. ती दिवसभर यार्डातच असायची. प्रत्येक अॅक्सलवर ठोकलेल्या नंबराचा फोटो काढायची, ब्रेकच्या ड्रममध्ये बोट फिरवायची. दुपारच्या उन्हात काम बंद असे, तेव्हा शेडच्या सावलीत बसून फोनवर तिच्या भाषेत बोलायची आणि कुणी जवळ आलं की गप्प व्हायची. एकदा त्यानं मुद्दाम पुन्हा विचारलं, "पेटीत काय ठेवणार म्हणालात?"

"खाण्याचं सामान," ती म्हणाली.

आधी अवजारं, आता खाणं. शत्रुघ्नची खात्री पटली. तो तडक केबिनमध्ये गेला.

जयप्रकाशनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो चिडेल, बाईला हाकलेल, असं शत्रुघ्नला वाटलं होतं. पण तो खुर्चीत मागे रेलला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"दुसऱ्या कुणाला बोललास?"

"नाही, साहेब."

"बोलू नको. मी बघतो. तू चांगलं केलंस."

बाहेर आल्यावर शत्रुघ्नला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चांगलं केलंस म्हणताना जयप्रकाशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. इतक्या वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रुकय्या केबिनमधून बाहेर आली ती ट्रेलरांकडे न जाता फाटकाकडे निघाली. शत्रुघ्नपाशी पोचल्यावर थांबली.

"तुम्हीच सांगितलंत ना?"

तो हातातल्या ग्राइंडरकडे बघत राहिला.

"तुमचा मॅनेजर म्हणाला, पेटीचं जमारिकला, म्हणजे कस्टम्सला, कळू द्यायचं नसेल तर आजच सही कर. माल तपासला, पसंत आहे, आता पुन्हा बघणार नाही, अशा कागदावर. मी सही केली." तिचा आवाज चढला नव्हता. "आमच्याकडे नाक्यावर असंच होतं. आधी एक जण संशय घेतो. मग दुसरा त्याची किंमत सांगतो. मला वाटायचं, हे फक्त नाक्यावरच चालतं."

ती निघून गेली. शत्रुघ्नला राग आला. चोर ती आणि ऐकून घ्यायचं आपण! पण एक गोष्ट त्याला कुरतडत राहिली. बाईनं माल पुन्हा बघू नये, यात जयप्रकाशला एवढं काय पडलं होतं?

उत्तर मागच्या भिंतीपाशी होतं. गुरुवारी काम आटपताना तो तिकडे गॅसच्या नळकांड्या ठेवायला गेला. तिथं ताडपत्रीखाली अॅक्सल रचून ठेवले होते. ओला काळा रंग बोटाला लागला. ते त्यानं ओळखले. तडे गेले म्हणून त्यानंच काढून भंगारात टाकलेले होते ते. आता प्रत्येकावर नवा नंबर ठोकलेला होता आणि तो नंबर रुकय्यानं फोटो काढलेल्या अॅक्सलचा होता.

"हे कुणाचे, साहेब?" त्यानं जाता जाता जयप्रकाशला विचारलं.

"दुसऱ्या गिऱ्हाइकाचे. आणि उद्या जुम्मा आहे. तू आराम कर, इकडे फिरकू नको."

खोलीवर जाणाऱ्या बसमध्ये तो चढला खरा, पण फहाहीलला उतरला. रुकय्या तिथल्या एका स्वस्त हॉटेलात उतरली होती. मगरिबची नमाज नुकतीच झाली होती, रस्त्यावर गर्दी होती. ओळखीचं कुणी आपल्याला इथं बघत नाही ना, म्हणून त्यानं दोनदा मागं वळून पाहिलं.

तिनं दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"आता काय हवंय? तुम्हालाही सही?"

"मॅडम, पेटीत काय ठेवणार ते खरं सांगा."

"मी सांगितलंय."

"दोन वेळा सांगितलंत. दोन्ही वेळा वेगळं."

फटीतून तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. ती त्याला निरखत होती. तो स्वतः गेले काही दिवस तिला जसा निरखत होता, अगदी तसाच.

"पाणी," ती शेवटी म्हणाली. "पाणी, पीठ, स्टोव्ह, औषधं, थोडी अवजारं. नाक्यावर रांग लागते ती दिवसेंदिवस हलत नाही. कागदावरचा एक शिक्का कमी असला तरी ट्रक उभा. ड्रायव्हर ट्रक सोडून जाऊ शकत नाही. माल गेला तर तोच चोर ठरतो. मग तो रांगेत मिळेल ते पाणी पितो. पटकी पसरली त्या वर्षी आमच्यातला एक जण रांगेतच गेला. मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिले. त्यांना वाटलं, झोपलाय."

तिनं दाराची साखळी एकदा चाचपून बघितली.

"मग उघडी पेटी का नाही बसवत, असंच विचारणार ना? बसवली होती. पेटी दिसली की कुलूप दिसतं. कुलूप दिसलं की एक तर चोर येतो, नाहीतर अधिकारी."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पेटी कशाला म्हणून विचारलंत का? आत काय लपवणार, असं विचारलंत. तोंडानं नाही, पण डोळ्यांनी तेच विचारलंत. असं विचारणाऱ्याला मी वर्षानुवर्षं एका शब्दात उत्तर देत आलेय."

त्यानं मग अॅक्सलचं सांगितलं. तडे, नवे नंबर, उद्याची सुट्टी. तिनं ऐकून घेतलं, पण चेहरा जराही हलला नाही.

"आणि हे सांगून तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही."

"मग मी का विश्वास ठेवू?"

"उद्या सकाळी येऊन बघा," एवढंच तो म्हणाला. दार लागलं.

शुक्रवारी सकाळी तो यार्डापासून थोडा दूर, बंद गॅरेजच्या सावलीत उभा राहिला. ती येणार नाही असंच त्याला वाटत होतं. कदाचित तिनं जयप्रकाशला फोन करून सगळं सांगितलंही असेल. आपण एका परक्या बाईच्या शब्दावर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवानाच, पणाला लावलाय, या विचारानं तो सावलीत आणखी मागे सरकला. आतून लोखंडावर घण पडल्याचा आवाज येत होता.

टॅक्सी आली. त्यातून दोन बायका उतरल्या. रुकय्याबरोबर जहाजात माल चढवणाऱ्या एजंटची माणूस होती, मारिया नावाची. रुकय्या सरळ त्याच्याकडे आली.

"एकट्या तुमच्या भरवशावर मी येणार नव्हते," ती म्हणाली. "यांना साक्षीला आणलंय. तुम्ही खोटे निघालात तर तुमच्याविरुद्ध, खरे निघालात तर त्याच्याविरुद्ध."

"चालेल," शत्रुघ्न म्हणाला आणि त्यानं फाटक ढकललं.

आत दोन ट्रेलर लाकडी ठोकळ्यांवर चढवले होते. एकाचे चांगले अॅक्सल काढून बाजूला ठेवले होते आणि तडकलेले बसवायचं काम चालू होतं. मारियानं काही न बोलता फोटो काढायला सुरुवात केली. जयप्रकाश धावत आला. आधी ओरडला, मग हसला, मग शत्रुघ्नकडे बघून म्हणाला, "ही बाई चोरटा माल नेणार आहे, हे तूच मला सांगितलंस ना? सांग यांना!"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. फोर्कलिफ्टवाल्यानंही इंजिन बंद केलं.

"सांगितलं होतं," शत्रुघ्न म्हणाला. "चुकलं माझं. हे अॅक्सल मी भंगारात टाकलेत. यावर माल लादला तर उतारावर अॅक्सल मोडून गाडी उलटेल. हे मात्र चुकत नाही."

मारिया म्हणाली, "हे फोटो बघितल्यावर आमचं जहाज यातला एकही ट्रेलर उचलणार नाही. मालकांना बोलवा."

मालक दिवाणियातून, मित्रांच्या बैठकीतून, उठून आले, ते आधीच वैतागलेले. त्यांनी फोटो पाहिले, जयप्रकाशला बाजूला नेऊन अरबीत बरंच काही सुनावलं आणि मग सगळ्यांदेखत सांगितलं की चांगले अॅक्सल परत बसवा, बाईला हवं ते करून द्या आणि हे प्रकरण खल्लास करा. जयप्रकाशची नोकरी गेली नाही. शत्रुघ्नचं कंत्राट मात्र संपत आलं होतं, ते पुढं वाढवणार नाही असं त्याच आठवड्यात कळलं. उदय भडकला, म्हणाला, "मोकळो हो सांगितलंय, तर तू नोकरीपास्नाच मोकळो झालंस!" पण त्यानंच शुऐबातल्या ओळखीच्या एका यार्डात शब्द टाकला.

जाण्याआधी शत्रुघ्ननं सहाही पेट्या स्वतः बनवल्या. पाण्याची टाकी हलू नये म्हणून कोपरे बसवले, स्टोव्हच्या मागे जाड पत्रा लावला. रुकय्या शेजारी उभी राहून बघत असे. तिनं प्रत्येक जोड हातोडीनं ठोकून तपासला. त्याच्यासमोर, त्याच्या तोंडावर. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. ट्रेलर बंदराकडे निघाले त्या दिवशी तिनं त्याचा फोन नंबर मागून घेतला. आभार वगैरे काही मानले नाहीत.

नव्या यार्डात तो रुळला, थंडी सुरू झाली, तेव्हा एकदा जेवणाच्या सुट्टीत तिचा व्हॉइस मेसेज फोनवर आला. मागे ट्रकची घरघर होती.

"पेट्या पोचल्या. नाक्यावर एका अधिकाऱ्याला त्यातली एक सापडलीच. त्यानं ती उघडायला लावली, पिठात हात घालून बघितलं, आणि ट्रेलर दोन दिवस उभा ठेवला. बाकीच्या कुणाला दिसल्या नाहीत. पाणी पुरलं. पण तुम्ही एक घोटाळा केलात, आणि मीही तो पाहिला नाही. तुमच्या तिकडे आखातात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, आमच्याकडे डावीकडून. तुम्ही दार उजवीकडे बसवलंय. ड्रायव्हर पाणी काढायला वाकला की त्याच्या पाठीला घासून दुसरे ट्रक जातात. आम्ही कापून डावीकडे केलं. पुढच्या खेपेला चार ट्रेलर हवेत. जुन्या यार्डाचे नकोत."

शत्रुघ्ननं कपाळावर हात मारला. मालवणची एस.टी.सुद्धा डावीकडूनच धावते, आणि हे आपल्या डोक्यात आलं नाही! त्यानं तो मेसेज पुन्हा एकदा ऐकला. मग डबा बाजूला सारून, कामापुरत्या इंग्रजीत, तो सावकाश उत्तराचा मेसेज बोलू लागला.

"मॅडम, ती रांग कशी असते ते सांगा. चढावर असते की सपाटीवर? सावली कुठल्या बाजूला पडते? ड्रायव्हर झोपतो कुठे? सगळं सांगा. मग मी पेटी बनवतो."