शेजारच्या मुलाचा प्रोसेसर

मला गप्प बसता येत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. आमचे हे म्हणतात, तुझं शिवणयंत्र एकवेळ बंद पडेल, तू नाही. खोटं नाही ते. दिवसभर दुकानात लोकांच्या पॅंटी आखूड करायच्या, चेनी बदलायच्या, आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलायचे, यात माझा जन्म गेला. आणि अशा बाईच्या पोटी हा मुलगा! फोनवर आला की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा.

"जेवलास का रे सोन्या?"

"हो."

"काम कसं चाललंय?"

"ठीक."

"आणि तब्येत?"

"ठीक आहे गं. ठेवू?"

ठेव बाबा. म्हणजे मी काय मोजमाप घ्यायला फोन केलाय, की छाती इतकी, कंबर इतकी, झालं? नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला तेव्हा तो असा नव्हता. आधी बरा बोलायचा. अलीकडेच हे सुरू झालं. त्यात एक नवा नियम आला, नऊनंतर फोन करायचा नाही. का? तर तो गेम खेळत असतो. जाताना त्याने तो त्याचा मोठा कॉम्प्युटर पांघरुणात गुंडाळून लेकरासारखा मांडीवर नेला होता. आई राहिली घरी, कॉम्प्युटर गेला बरोबर.

मी पुष्कळ दिवस धुसफुसले. मग एका दुपारी कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवताना डोक्यात आलं, की तो जर रोज रात्री तिथे जातो, तर आपणही तिथेच जावं. गेममध्ये माणसं एकमेकांशी बोलतात म्हणे. बंदुका चालवत का होईना, बोलतात ना?

ह्यांना सांगितलं. हे निवृत्त बस-ड्रायव्हर. आधी हसले, मग खोकले, मग म्हणाले, "अगं, तुला मोबाइलचा टॉर्च बंद करता येत नाही."

"तुम्ही गप्प बसा. इतकी वर्षं बस चालवलीत, कधी आतलं इंजिन बनवलंत का? चालवता आलं की झालं."

कॉम्प्युटरच्या दुकानातला मुलगा चांगला होता, पण त्याने पहिल्याच वाक्याला माझं घोडं अडवलं. "काकू, प्रोसेसर कुठला घालू?" प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, एवढं त्याने सांगितलं. मग दोन डबे पुढे ठेवले, दोन्ही सारखेच, आत बिस्किटाएवढा एक चौकोन. एक जरा स्वस्त, एक जरा महाग. "तुम्ही कुठले गेम खेळणार, त्यावर आहे सगळं," तो म्हणाला.

आता काय सांगू? सोन्या खेळतो ते, असं? मी "घरी विचारून येते" म्हणून निघाले. आणि घरी विचारणार कुणाला? ह्यांना? ह्या विषयातलं ज्याला कळतं असा आमच्या सबंध खानदानात एकच माणूस, आणि तो तीन शब्दांच्या वर बोलत नाही.

पण मी खेळायला येतेय हे त्याला आधी कळलं असतं तर गंमत गेली असती. म्हणून संध्याकाळी साडेसातला फोन लावला आणि म्हटलं, "अरे, आपल्या शेजारच्या मुलाला गेम खेळायला कॉम्प्युटर घ्यायचाय. पहिलाच आहे, पैसे बेताचे आहेत. प्रोसेसर कुठला घ्यावा म्हणून माझं डोकं खातोय. तू काही सांगतोस का?"

मला वाटलं, झालं, आता "ठेवू?" म्हणणार.

"बजेट किती आहे त्याचं?" तो म्हणाला.

आणि मग बाई, नळ फुटावा तसा बोलायला लागला! ते दोन डबे मी वर्णन करून सांगितले, तर म्हणाला, स्वस्तातला घेऊ नकोस म्हणावं. दोघांचं डोकं सारखंच, पण महागातल्याच्या पोटात चित्र काढणारा भाग असतो, स्वस्तातल्यात नसतो. ज्याच्यात नाही त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते या बजेटमध्ये बसणार नाही. "लोक चार पैसे वाचवायला तो घेतात, घरी येऊन जोडतात, आणि स्क्रीन काळी ती काळीच. मग दुकानदाराच्या नावाने बोंब मारतात." असं म्हणून तो हसला. माझा मुलगा फोनवर हसला! मी ह्यांना खुणेने जवळ बोलावलं, फोन मोठ्या आवाजावर टाकला. हे टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून भिंतीला टेकून ऐकत उभे राहिले.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "काय कळलं?"

"काही नाही. पण केवढा बोलला हो!"

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन महागातला डबा उचलून आणायचा, की झालं. पण माझे पाय काही तिकडे वळेनात. दुकानात फोन करून तेवढा डबा माझ्या नावाने बाजूला ठेवायला सांगितला. साडेसातला पुन्हा फोन लावला. "अरे, तो मुलगा विचारतोय, सहा कोरचा घेऊ की आठ कोरचा?" कोर म्हणजे काय मला ठाऊक नव्हतं, दुकानातल्या पाटीवर लिहिलेलं होतं. तर म्हणाला, कोर म्हणजे आत बसलेले कामगार. तुझ्या दुकानात आठ शिंपी बसवलेस आणि गिऱ्हाइकं तीनच आली, तर बाकीचे काय करणार? गेमला सहा पुष्कळ झाले.

असं माझं दळण सुरू झालं. डब्यात पंखा मिळतो तो पुरतो का? रॅमची एक मोठी पट्टी घ्यावी की दोन लहान? दोन, आई, दोन. चित्राचं काम प्रोसेसरच करणार असेल तर दोन पट्ट्यांनी फार फरक पडतो. शेजारच्या मुलाला रोज नवी शंका यायची. यायची म्हणजे मी बसून काढायचे. शिवताना काढायचे, भाजी निवडताना काढायचे. हेसुद्धा सामील झाले. "विचार, पुढे इंजिन बदलायचं झालं तर अख्खी गाडी बदलावी लागते का?" मी विचारलं. तर सोन्या म्हणाला, "हा प्रश्न भारी आहे, बाबांचा दिसतोय." प्रोसेसर ज्यावर बसतो तो बोर्ड नवीन धाटणीचा घेतला तर चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येतो, हे त्याने इतकं रंगवून सांगितलं, की हे दोन दिवस येताजाता शीळ घालत होते.

मध्येच एकदा तो आपणहून म्हणाला, "तुझा गुडघा कसा आहे गं?" मी ओट्याशी उभी होते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. गुडघा खड्ड्यात गेला, पण विचारलंन् तरी.

गंमत म्हणजे, कधी चुकून सगळं ठरत आलं, तर तोच म्हणायचा, "थांब, घाई नको करू म्हणावं. किंमत उतरेल." किंवा, "अजून एक मॉडेल बघून ठेवतो, उद्या सांगतो." मी म्हणायचे, थांबेल की तो, त्याला कुठे घाई आहे.

घाई दुकानदाराला होती. त्याने फोन करून सांगितलं, "काकू, तुमच्यासाठी ठेवलेला प्रोसेसर आज न्या, नाहीतर दुसऱ्याला देतो. किती दिवस अडवून ठेवू?" हे म्हणाले, बरोबर आहे त्याचं. माझाही नाइलाज झाला. गेले, पैसे भरले, सगळी खोकी रिक्षात घालून आणली. हे खोकी उघडायला सुरी शोधत होते, आणि मी मात्र घरातलं कुणी गावाला गेल्यासारखी बसले होते. उद्यापासून साडेसातला काय विचारू?

त्या संध्याकाळी फोनवर मी म्हटलं, "घेतला रे एकदाचा. तू सांगितलास तोच."

"घेतलाच का?" त्याचा आवाज एकदम पडला. "बरं झालं. मग आता काही विचारायचं नसेल त्याला."

मला राहवलं नाही. "अरे, शेजारी कुणी मुलगाबिलगा नाही."

"माहितीये मला, आई. आपल्या शेजारी दातांचे डॉक्टर राहतात, आणि एक कुत्रा."

घ्या! शेरास सव्वाशेर. "मग पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

आणि उत्तराची वाट न बघता मीच पुढे सांगून टाकलं, की बाबा रे, मलाच हवाय. तू रोज रात्री खेळतोस, तिथे तुझ्याबरोबर येणार होते. मला बंदूक चालवता आली नाही तर नुसती मागे मागे फिरेन, पण तू बोलशील तरी माझ्याशी.

तो हळूच म्हणाला, "मी खेळत नाही, आई. कॉम्प्युटर विकला मी. नोकरी गेली ना माझी, कंपनीच बंद पडली. आता गोदामात रात्रपाळीला जातो, खोकी चढवायला. नऊला ड्यूटी असते."

राग आला, खूप आला, पण कुणाचा ते कळेना. एवढं सोसत होता एकटा, आणि मी इथे रुसून बसले होते, की पोरगा बोलत नाही.

"तू रोज साडेसातला विचारायचीस ना," तो म्हणाला, "मी आदल्या दिवशी वाचून ठेवायचो, तू काय विचारशील म्हणून. दिवसभरात तेवढा एकच वेळ वाटायचं, की आपल्याला अजून काहीतरी येतं."

मी रडायला लागले ते ह्यांनी पाहिलं. हे कधी फोन हातात घेत नाहीत. त्या दिवशी घेतला. म्हणाले, "हे बघ, इंजिन तू आणि तुझ्या आईने निवडलंत. गाडी बांधायला मला येत नाही. सुट्टी काढ आणि ये." एवढं बोलून फोन माझ्या हातात कोंबला आणि तोंड धुवायला गेले.

सुट्टीच्या दिवशी तो आला. वाळला होता. हाताच्या बोटांवर पुठ्ठ्याने कापल्याच्या बारीक रेघा होत्या. आम्ही काही विचारलं नाही. तो जेवला, मग खालीच चादर अंथरून बसला आणि एकेक खोकं फोडायला लागला. प्रोसेसर त्याने दोन बोटांनी कडेला धरला. "याला दाबायचं नाही. खूण जुळवून नुसता ठेवायचा, आपोआप बसतो," असं ह्यांना दाखवत होता, आणि हे चष्मा कपाळावर चढवून, मान हलवत बघत होते.

मी त्याच्याशेजारी पाय पसरून बसले. "काय रे, त्या दोन पट्ट्या घातल्यास, पण मधली ही जागा रिकामी का सोडलीस?"

मला ते ठाऊक होतं. त्यानेच फोनवर सांगितलं होतं, आणि माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. पण तो सांगायला लागला, अगदी पहिल्यापासून, हातातला स्क्रू फिरवत. सांगता सांगता, आवाज न बदलता, कंपनीच्या दाराला कुलूप दिसलं त्या सकाळचं सांगायला लागला. कॉम्प्युटर घ्यायला कोण आलं होतं, गोदामात पहिल्या रात्री काय झालं, सगळं.

आणि मी, बाई, तोंड मिटून ऐकत बसले.